तात्यांचा निळा चौकोन

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो. मी नाही सांगितलं तर आमच्या पिंपळवंडीचं कुणीतरी सांगेलच, आणि तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माती कशी खाल्ली ते माझ्याच तोंडून ऐका.

मी पुण्यात एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगला आहे. म्हणजे काय करतो? बांधत काहीच नाही. कुठलं काम आधी, कुठलं मागून, कशाला किती दिवस, हे चौकोन आणि बाण काढून मांडतो. त्यातून सगळ्यांत लांब साखळी निघते, तिला म्हणायचं क्रिटिकल पाथ. त्या साखळीतलं एखादं काम एक दिवस लांबलं की अख्खी इमारत एक दिवस लांबते. म्हणून ती कामं लाल. बाकीच्या कामांना थोडी सवड असते, ती निळी. झालं. एवढ्यासाठी कंपनी मला एसीत बसवते.

तर यंदा उन्हाळी कांदा निघाला आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवी बराख बांधायला काढली. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबलचक खोली. भिंती जाळीच्या, वर पत्रा, आणि खालून वारा खेळावा म्हणून तळ बांबूच्या पट्ट्यांचा. जुनी मोडून पडली होती. दोन एकरांचा कांदा वावरात पातीखाली झाकून ठेवलेला, आणि दुपार कलली की आभाळ भरून यायचं. कांदा भिजला की सडलाच. दादा घडीघडी वर बघत होते. मला ते बघवेना. मी रजा टाकली, गावी आलो आणि म्हणालो, "दादा, दहा दिवसांत बराख उभी करतो. तुम्ही फक्त बघा."

दादा म्हणाले, "बघतो."

मी कागद आणला केवढा? जेवणाच्या पंगतीला अंथरावा एवढा. पडवीच्या भिंतीवर लावला. पाया लाल, खांब लाल, वेल्डिंग लाल, पत्रे लाल. बांबू निळा. बांबू शेवटी लागणार होता, त्याला सहा दिवसांची सवड निघत होती.

बांबू होता तात्यांकडे. तात्या म्हणजे आमचे चुलते, भावकीत सगळ्यांत वडील. ओढ्याकाठी त्यांचं बांबूचं बेट आहे. सकाळी सकाळी ते आपणहून आले. आमच्याकडे घराचं काम निघालं की भावकी अशीच येते, बोलवावं लागत नाही. आले आणि कागदापुढे उभे राहिले.

"ह्याच्यात मी कुठंय?"

"हा बघा तात्या. बांबू, निळा चौकोन."

"आन् ह्यो लाल?"

"पप्पू वेल्डर."

तात्यांनी लाल चौकोनावर बोट ठेवलं. "पप्प्या लाल, आन् मी निळा. बरं. निळं म्हंजी काय?"

आता शहाण्या माणसानं इथं थांबायचं की नाही? पण ऑफिसात कुणी विचारलं की उत्तर पुरतं द्यायची सवय. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही सहा दिवस उशीर केलात तरी काही फरक पडत नाही."

दादांनी डोळे मिटून घेतले. आई चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. तात्यांनी टोपी नीट केली आणि चहा न घेता निघून गेले. चुलता चहा न घेता गेला म्हणजे काय झालं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी कळलं, ते मंचरला लेकीकडे जाऊन बसलेत. फोन केला तर म्हणाले, "अजून पाच दिस हायेत की माझं," आणि ठेवून दिला.

मी म्हटलं, असू दे. सवड आहेच.

तिसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजले, तीन वाजले, गड्यांच्या भाकरी येईनात. धावत घरी गेलो. आई निवांत शेंगा फोडत बसलेली.

"आई, जेवण?"

"तुझ्या कागदावर जेवान बी निळंच हाय. म्या वाचलं. मला वाटलं, लांबलं तरी चालतंय."

खरंच निळं होतं हो. भाकरीवाचून कुठलाच बाण अडत नव्हता. गवंडी मात्र अडला. तो उपाशीपोटी घरी गेला आणि चौथ्या दिवशी आलाच नाही.

मग मी अक्कल चालवली. लाल पेन घेतला आणि सगळेच चौकोन लाल करून टाकले. आईचा लाल, तात्यांचा लाल, पाणी मारणाऱ्याचासुद्धा लाल. तात्या नाही तरी बाकीचे खूश होतील म्हटलं. तर पप्पू वेल्डर बिथरला. "भाऊ, काल गावात लई मिरवलो व्हतो, आपलं काम येकदम लालात हाय म्हणून. आता पाणी मारनारा बी लाल? मंग आपली काय किंमत ऱ्हायली?" मशीन उचलून तो दोन दिवस दुसऱ्याच्या कामावर गेला. हातापाया पडून आणला.

अकराव्या दिवशी पत्रा चढला. बांबूचा पत्ता नाही. सहा दिवसांची सवड कधीच संपली होती, आणि त्या दिवशी मंचरच्या बाजूनं आभाळ काळं ठिक्कर झालं. दादांना आता राहवलं नाही. "संतोष, कांदा गेला बग आपला."

मी मोटारसायकल काढली ती थेट मंचर. शोधाशोध करत लेकीचं घर गाठेपर्यंत दिवस मावळायला आला. तात्या ओट्यावर बसलेले. मी पाय धरले. "तात्या, चुकलो. आता सगळं तुमच्यावर आहे. उद्याच्या उद्या बांबू तोडायला घेऊ."

"तोडायचा कशाला?" तात्या म्हणाले. "तोडून, फोडून, पट्ट्या तासून माझ्या गोठ्यामागं रचून ठिवल्यात. तू गावात यायच्या आधीच."

 त्या गोठ्यावरून मी दिवसातून चार वेळा गाडीवर जात होतो. "मग बोलला का नाहीत?"

"त्या सकाळी त्येच सांगाया आलतो. ट्रॅक्टर लावून न्या म्हणून. पर तू म्हणलास, काय फरक पडत न्हाई. म्हटलं, मंग कशाला सांगा?"

तात्या माझ्याच गाडीवर मागे बसून गावी आले. दुसऱ्या दिवशी उजाडायला भावकीची पंचवीस माणसं त्यांनी गोळा केली. कुणाला चौकोन नाही, बाण नाही. दुपारपर्यंत तळ झाला, संध्याकाळपर्यंत कांदा आत. पाऊस आला तेव्हा शेवटच्या दहा-बारा पाट्या तेवढ्या भिजल्या. दादांनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं.

जेवणं झाल्यावर तात्या पुन्हा त्या कागदापुढे जाऊन बसले. "उशीर कुणामुळं झाला, त्ये ह्या कागदातनं निघतं का?"

"निघतं की तात्या. त्यासाठीच तर असतो तो."

"मंग काढ."

मी मोजायला बसलो. गवंडी का गेला, पप्पू का बिथरला, बांबू का अडला. बाण मागे मागे नेत गेलो. सगळे एकाच जागी येऊन पोचत होते, आणि तिथं चौकोनच नव्हता. नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी एक नवा चौकोन काढला आणि त्यात लाल शाईनं स्वतःचं नाव लिहिलं.

आईनं चष्मा लावून ते नीट वाचलं. म्हणाली, "अक्षर तेवढं चांगलं हाय."