ओल्या वाळूतला तो आवाज

मी लिहावं असा कुणी नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. आणि हे तर कुणाला सांगितलेलंही नाही — आईलासुद्धा नाही.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाकडचं. शिकायला मात्र मी कोकणात, समुद्राकाठी. खोलीतल्या मित्राकडे वाळूतला धातू शोधायचं मशीन होतं. पर्यटक गेले की ओहोटीच्या वाळूत आम्ही ते फिरवायचो. खाऱ्या, ओल्या वाळूवर ते उगाच किरकिरतं. पण सोनं वेगळं बोलतं — हळू, गोल, मशीन जाताना-येताना तेच. आणि ते फक्त हेडफोन घातलेल्यालाच ऐकू येतं. एवढं ध्यानात ठेवा.

एकदा गावची सहल तिकडे आली. शेजारचे काका आणि कमलकाकूही होत्या — आई मजुरीला गेली की ज्यांच्या घरी मी जेवायचो, त्या. लाटांत खेळताना त्यांचं मंगळसूत्र तुटून पडलं.

"धरणाकाठी जन्म गेला, अन् कधी पाणीच बघितलं न्हाई अशी नाचली!" काका हसायला गेले, पण नजर लाटांवरच होती. काकूंनी गळा पदरानं झाकून घेतला होता. त्या मला म्हणाल्या, "तुझ्यापाशी मशीन हाय ना रे लेकरा? बघ की."

मी पाण्यात उतरलो. सगळे काठावर उभे. आणि ऐकू आलं — हळू, गोल, जाताना-येताना तेच.

मी वाकलो का? नाही. मशीन पुढे नेलं. काठावरच्या वाकड्या माडाची खूण डोळ्यांत धरली, बाहेर आलो, हेडफोन काढले. "खाऱ्या पाण्यात नुसतं ओरडून राहिलंय, काकू. काही कळत न्हाई."

मनात काय होतं? सोनं. गरिबी म्हणता येईल — पण त्यांच्या हातचं जेवलेल्या पोरानं ते म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला एकटाच गेलो. माडाच्या रेषेत खणत राहिलो. समुद्रानं वाळू हलवली होती. मशीनमधून तो आवाज परत आला नाही. एरवी येतो. वर्गात येतो. जेवताना येतो.

सहलीच्या दिवशीच, परतीच्या गाडीत बसण्याआधी, बायकांनी काकूंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलं — नवं सोनं होईपर्यंत बांधतात तसं. काका नवं करायला तयार होते; काकूच ऐकेनात. "एक वाटी माझ्या माहेरची हाय, ती कशी सोडू? आपलं पोरगं हाय तिथं. शोधून राहिलंय."

सुटीत घरी गेलो की विचारायच्या, "लागला का रे काही पत्ता?" मी म्हणायचो, "बघून राहिलो, काकू."

सापडणार नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं — त्या सराफाकडे गेल्या असत्या. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

परवा आईचा फोन आला. कमलकाकू गेल्या. ताप डोक्यात गेला म्हणे.

"सवाशीण गेली रे," आई सांगत होती. "हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. काका लई रडले. हळकुंडच गेलं तिच्यासंगं."