घूं घालवणारा डबा

आमच्या ऑर्केस्ट्रात सूर्यभान बेस गिटार वाजवतो, हे मला दर कार्यक्रमात माइकवरून सांगावं लागतं, कारण ऐकून ते कुणालाच कळत नाही. मी निवेदक. गायिकेचं नाव घेतलं की शिट्ट्या पडतात, ढोलकीवाल्याचं घेतलं की टाळ्या पडतात, आणि ‘बेस गिटारवर सूर्यभान’ म्हटलं की पब्लिक पाण्याची बाटली शोधायला लागतं. सूर्यभान तरीही वाकून नमस्कार करतो. मला त्याचा राग येतो आणि मायाही वाटते, दोन्ही एकदमच.

त्याची आई कस्तुराबाई. तिनं तर एकदा तोंडावरच विचारलं होतं, “सूर्या, त्या समद्या आवाजात तुझं कोणतं रं?”

“खालचा जाड आवाज हाये ना आई, तो माझा.”

“मला तर नाय ऐकू येत बाबा.”

हे ऐकून मी हसलो होतो. सूर्यभान हसला नव्हता.

दिवसा तो चिकलठाण्याच्या एका कंपनीत लेथवर काम करतो. कस्तुराबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ हिंडण्यात गेलं; नवरा गेल्यावर ती लेकाला घेऊन मुकुंदवाडीत आली, पण अजून पत्र्याच्या खोलीमागं एक शेळी बांधलेली असते. सूर्यभान माणूस भारी चिकित्सक. गवारीची शेंगसुद्धा मोडून बघितल्याशिवाय घेत नाही. भाजीवाल्या बायका त्याला लांबूनच ओळखतात आणि तोंड फिरवतात.

त्याच्यावर संकट आलं ते पाचोडच्या एका हळदीच्या कार्यक्रमात. त्याचा जुना अँप्लिफायर नुकताच राम म्हणून बसला होता. म्हणून आमच्या साउंडवाल्या सांडूनं गिटारला लांबलचक वायर जोडली आणि ती थेट आवाजाच्या मिक्सरमध्ये खुपसली. मांडवाची लाइट शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या लाइनवरून घेतलेली. गिटार जोडताच स्पीकरमधून घूं सुरू झाली. नवरीच्या आजोबांनी कानावर हात ठेवले. सांडूनं पक्कड काढली आणि मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिनच तोडून टाकली. घूं जराशी कमी झाली, पण आमच्या गायिकेच्या ओठाला माइकचा असा झटका बसला की तिनं माइक हळदीच्या ताटात फेकला. सांडूच्या डोक्यात काय भरलंय हे मी तेव्हाच त्याला विचारून घेतलं.

परत येताना गाडीत ऑर्केस्ट्राचे मालक आप्पासाहेब बोलले. माणूस वाईट नाही, पण बोलताना हातचं राखत नाही.

“सूर्यभान, पुढच्या कार्यक्रमाला घूं आली तर गिटार घरीच ठेवायची. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवतो. पब्लिकला काय फरक कळतो?”

सूर्यभाननं गिटार मांडीवर ओढून घेतली. पुढचा कार्यक्रम दसऱ्यानंतर लगेच होता, तोही मुकुंदवाडीतच.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं डीआय बॉक्सचा ध्यास घेतला. म्हणजे मुठीएवढा एक डबा. गिटारचा आवाज नाजूक असतो, लांब वायरीतून जाताना वाटेतली विजेची घूं उचलतो. हा डबा मध्ये बसतो, गिटारची छोटी वायर एका बाजूनं घेतो आणि दुसऱ्या बाजूनं आवाज मिक्सरला मानवेल असा करून पाठवतो. इतकी साधी गोष्ट. पण सूर्यभाननं त्यासाठी जेवढी माणसं गाठली, तेवढी लोक मुलीच्या स्थळासाठी गाठत नाहीत. कुणी म्हणालं बॅटरीचा घे, कुणी म्हणालं बिनबॅटरीचा. शेवटी त्याचं त्यालाच पटलं: त्याच्या गिटारीत आवाज वाढवायला आधीच एक सेल आहे, तेव्हा आत नुसता ट्रान्सफॉर्मर असलेला साधा डबा पुरे. ऐन गाण्यात डब्याची बॅटरी उतरायची भीती तरी नाही.

पैठण गेटजवळच्या दुकानात मीही गेलो होतो. दुकानदारानं तीन डबे मांडले. एक प्लास्टिकचा, स्वस्त. सूर्यभाननं त्यात वायर घालून हलवली, ती पडायला आलेल्या दातासारखी हलली, तो बाजूला. एक परदेशी, देखणा. त्याची किंमत ऐकून आम्ही दोघांनीही तो मोठ्या आदरानं परत ठेवला. तिसरा लोखंडी, बोजड, दिसायला अगदी दरिद्री. पायावर पडला तर पाय जाईल, डब्याला काही होणार नाही. त्याला अर्थिंग तोडायचं बटणही होतं, म्हणजे पक्कड न लावता घूं तोडता येईल आणि गायिकाही जिवंत राहील.

दुकानात तो झकास वाजला. दुकानदार पावती फाडायला लागला, तर सूर्यभान म्हणाला, “इथं नाय. शेजारच्या रसवंतीत लावून बघायचा.”

“क्यूँ?”

“त्यांचा फ्रीज लई घरघरतो. आमच्या मांडवात अशीच लाइट असते.”

“डब्बा लेने आए कि फ्रीज लेने आए, मियाँ?” दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

पण सूर्यभान ऐकतोय कशाला. दुकानदाराचा छोटा मिक्सर-स्पीकर रसवंतीत नेला, फ्रीजच्याच बोर्डावर जोडला. गिटार लावली, घूं आली. सूर्यभाननं डब्याचं बटण दाबलं. घूं गेली. रस प्यायला आलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि सूर्यभाननं त्यांनाही वाकून नमस्कार केला. त्याला बेसवर मिळालेल्या या पहिल्या टाळ्या.

खंडेनवमीला त्याच्या घरी पुरणपोळीचं आमंत्रण होतं, ते मी कधीच चुकवत नाही. कस्तुराबाईनं पाटावर पाना, मोजपट्टी, विळा, गिटार आणि नवा डबा असं सगळं मांडलं होतं. पोटाला घालणाऱ्या हत्यारांना त्या दिवशी सुट्टी आणि पूजा. डब्याला तिनं जास्तच जीव लावला. हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर झेंडू ठेवला आणि मूठभर अक्षता टाकल्या.

“लेकराची इज्जत राख गं माय,” असं ती डब्याला म्हणाली. मी पोळीवर तूप घेत होतो, वाटी खाली ठेवून मीही डब्याला हात जोडले.

कार्यक्रम एका शिक्षकांच्या सेवापूर्तीचा होता, मंगल कार्यालयात, भर दुपारी. कस्तुराबाई शेजारणींबरोबर पहिल्या रांगेत येऊन बसली. आप्पासाहेब मिक्सरशेजारी खुर्ची टाकून घूं कुठं येते का ते ऐकत होते. एक गाणं झालं, दुसरं झालं. घूं नाही. सांडूनं माझ्याकडं बघून अंगठा दाखवला. मला हायसं वाटलं.

तिसऱ्या गाण्यात बेस बंद पडला. डब्यातून वायर अलगद सटकून खाली पडली. सूर्यभाननं वाकून ती पुन्हा खुपसली, ती पुन्हा बाहेर आली. एवढ्यात कीबोर्डवाल्यानं डावा हात खाली नेला आणि बेस भरून काढला. गाणं थांबलं नाही. कुणाला काही कळलंही नाही. आप्पासाहेबांनी मान डोलावली, आणि सूर्यभानचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कस्तुराबाई उठली.

“ए थांबा! माझ्या सूर्याचं बंद झालंय!”

गाणं जागच्या जागी थांबलं. आप्पासाहेब उठून म्हणाले, “मावशी, चालू हाये की. ऐका ना.”

“ते नाय. ते दुसरंच हाये. सूर्याचं गेलं.” तिनं कमरेवर हात ठेवले. “मेंढरामागं हिंडताना घंटी वाजते तवर कोण ध्यान देतं? थांबली की लगेच कळतं. मला काय शिकवता?”

आप्पासाहेब परत खुर्चीत बसले. सूर्यभाननं डबा उजेडात धरला. वायरीच्या भोकात तळाशी काहीतरी अडकलं होतं, म्हणून वायर पहिल्यापासून अर्धवटच बसली होती. “पिन हाये का कुणाकडं?” कस्तुराबाईनं हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून स्टेजवर दिली. सूर्यभाननं कोरून बाहेर काढला तो कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. दाणा त्यानं गुपचूप खिशात टाकला. वायर खट्कन बसली, आणि तो जाड आवाज हॉलभर पसरला.

“हां. आता हाये,” कस्तुराबाई म्हणाली आणि खाली बसली.

आप्पासाहेबांनी कीबोर्डवाल्याला हातानंच खूण केली, डावा हात वर घे म्हणून. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. मी मात्र तिथंच माइक उचलला आणि सूर्यभानचं नाव पुन्हा घेतलं. एकही माणूस बाटली शोधत नव्हता.

घरी जाताना कस्तुराबाईनं विचारलं, “काय अडकलं होतं रं आत?”

“काय नाय आई, कचरा होता.”

मी तोंड उघडणार होतो, पण सूर्यभाननं असं बघितलं की मिटून घेतलं.

पुढच्या खंडेनवमीला त्यानं डबा पाटावर ठेवला, तर दोन्ही भोकांवर चिकटपट्टी. कस्तुराबाईनं कुंकवाचं बोट वरच धरलं.

“हे कशाला रं?”

“कचरा जाऊ नये म्हणून.”

तिनं चिकटपट्टीकडं बघितलं, मग हातातल्या अक्षतांकडं. तिचे डोळे भरले आणि ती हसायलाही लागली. मग एकेक दाणा मोजल्यासारखं करत तिनं सगळ्या अक्षता डब्याच्या पुढं, पाटावर ठेवल्या.