मणक्यातला गॅप आणि निरसं दूध

आमच्या बजाजनगरात, कंपनी-कामगारांच्या वस्तीत, कंबर दुखते असं कुणापुढं बोलायची सोय नाही. बोललं रे बोललं की समोरचा शर्ट वर करून आपला पट्टा दाखवतो आणि म्हणतो, "मणक्यात गॅप आहे." आमच्या गल्लीत गॅप नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. त्यामुळं माझ्या नवऱ्याची कंबर धरली तेव्हा निदान करायला डॉक्टर लागलाच नाही. घरमालकानं केलं, शेजारणीनं केलं, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरनं तर पोटऱ्या दाबून केलं.

हे वाळूजच्या कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. दिवसभर उभं राहायचं काम. आधी शिफ्ट संपल्यावर दुखायचं, मग शिफ्टमध्येच दुखायला लागलं, मग ह्यांना बूट घालायला मला खाली बसावं लागायचं. पट्टा झाला, गरम वाळूची पुरचुंडी झाली, लोखंडी दांड्याला लोंबकळून झालं. एक काका तर म्हणाले, मी पाठीवर पाय देऊन उभा राहतो, गॅप जागच्या जागी बसतो. त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं.

सासूबाईंचा उपाय वेगळाच. त्यांना मी आत्या म्हणते. त्या फुलंब्रीकडं गावी असतात, शेरडं राखतात. सासरी-माहेरी पिढ्यान् पिढ्या तेच काम. "मणक्याला निरसं दूधच पायजे," असा त्यांचा हुकूम. निरसं म्हणजे धार काढली की तसंच, चुलीला न दाखवता. उकळलं की त्यातली सगळी ताकद जाते म्हणे. गावचा एक जण ह्यांच्याच कंपनीत रोज मोटरसायकलनं येतो, त्याच्या डिकीतून शेळीच्या दुधाची बाटली यायची आणि हे उभ्याउभ्या घटाघटा प्यायचे. मला तो वास सोसत नाही. मी चहात घालून उकळूनच घ्यायचे, तर "शहरातली नाजूक बाई" म्हणून माझीच टिंगल.

दूध वाढवलं तशी कंबर जास्तच धरली. संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे बनियन घामानं चिंब व्हायचं. मी म्हणायचे, अहो, नुसत्या गॅपनं ताप कसा येईल? तर म्हणायचे, "मशीनची गरमी हाय." सुट्टीच्या दिवशीही तापायचं! कसली डोंबलाची गरमी!

शेवटी एका मोठ्या दवाखान्यात एमआरआय झाला. दोन मणक्यांमधली गादी खराब झालीय, स्क्रू-पट्टी टाकू, ऑपरेशनची तारीख घ्या, असं तिथले डॉक्टर म्हणाले. हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. स्क्रू बसवलेल्या माणसाला प्रेसवर कोण उभं करणार? आणि ऑपरेशन बिघडून पायच गेले तर? म्हणून मीच हट्टानं ह्यांना दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं.

ह्या डॉक्टर बाई होत्या. फिल्म उजेडाला धरून त्यांनी विचारलं, "ताप येतो?"

"नाय," हे म्हणाले.

"येतो," मी म्हणाले.

"घरी गाई-म्हशी, शेळ्या? कच्चं दूध पिता?"

"नाय नाय. मी कंपनीत आहे."

हा माणूस खोटं का बोलतोय ते मला आधी कळेचना. मग लख्ख कळलं. ह्यांना शाळेत पोरं 'शेरडामागचा' म्हणून चिडवायची. तेव्हापासून शहरात कुणी विचारलं की आमच्याकडं शेळ्या नाहीतच. घरमालकाला सांगितलं नाही, सुपरवायझरला सांगितलं नाही. आता पाठ मोडायची पाळी आली तरी नाहीतच! माझं डोकंच फिरलं.

"आहेत ना शेळ्या!" मी ओरडलेच. "सुट्टीत गावी गेले की शेळी विताना करडू हेच ओढून काढतात, उघड्या हातानं. आणि निरसं दूध रोज पितात. अहो, त्या शेळ्यांवरच शिकलात ना? मग लाज कसली?"

हे लालबुंद झाले. बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं आणि मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

रक्त तपासलं. शेळ्यांकडून माणसात येणारे जंतू निघाले. तेच मणक्याच्या गादीत ठाण मांडून बसले होते. "साध्या कंबरदुखीतसुद्धा जंतूंचा हात असतो का, यावर आम्हा डॉक्टरांतच वाद आहे," बाई म्हणाल्या. "पण ह्यांच्या बाबतीत वादाला जागा नाही." ऑपरेशन थांबलं. इंजेक्शनं आणि कितीतरी महिने गोळ्या. निघताना बाईंनी बजावलं, "दूध उकळूनच प्यायचं. आणि गावी जे कोणी कच्चं पितात त्यांना सांगा, तपासून घ्या."

हे सांगतील तर शपथ! "आईला नको सांगू. तिला काय वाटंल?" बाटली येतच राहिली आणि हे ती गुपचूप बेसिनमध्ये ओतत राहिले. मी रोज कटकट करायचे, हे रोज "सांगतो की" म्हणायचे. गोळ्यांनी ताप गेला, कंबर सुटत गेली, हळूहळू हे जिना चढायला लागले.

मग एक दिवस सकाळीच आत्या स्वतः बाटली घेऊन आल्या. लेकाला सरळ चालताना बघून त्यांना कोण आनंद! "बघ, म्या म्हन्लं नव्हतं? दुधानंच गुण आला."

आणि हे गृहस्थ मान डोलवतायत!

माझा संयम संपला. जंतू, दूध, शेळ्या, डॉक्टर काय म्हणाल्या, सगळं एका दमात सांगून टाकलं, तेही आवाज चढवून. आत्या मांडीवर बाटली धरून ऐकत राहिल्या.

"म्हंजी म्याच पाजलं त्याला?"

"तुम्हाला कुठं माहीत होतं, आत्या? माहीत ह्यांना होतं. आणि तुमचं काय? तुम्ही तर रोज पिता. ताप येतो का कधी?"

"येतो की. दिस कलला की येतो. कंबर बी धरती. धार काढून उठायचं म्हन्लं की खुंट्याला धरून उठती मी."

"कधीपासून?"

"लई सालं झाली."

"मग बोलला का नाही कधी?"

"कुणी इचारलंच नाय, पोरी."

हे खाली बघत होते. मला त्या दोघा मायलेकांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. म्हटलं, उठा, आत्ताच्या आत्ता रक्त द्यायला जायचं. तर आत्या पदर सावरत म्हणतात, "आज नगं. धारेच्या वक्ताला मी नसले तर शेरडं लई वरडत्यात."