फ्री शिपिंगचं क्लॅरिनेट

“शिपिंग फ्री हाये ना? मंग मागवा बिनधास्त!” तोंडात पोह्यांचा घास असताना मी सलीमभाईंना फोनवर सांगून टाकलं. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणं हा माझा धंदा. अमरावतीत ऑफिस आहे, दारावर पाटी आहे. तरी वस्तू केवढ्याची, कुरिअर कोणतं, एवढंही विचारलं नाही.

सलीमभाई अकोल्याचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. जुन्याला तडा गेला होता आणि लग्नसराई तोंडावर. त्यांनी बाहेरच्या वेबसाइटवरून नवं मागवलं. पार्सल मुंबईत उतरलं आणि कुरिअरचा मेसेज आला. ड्युटी, टॅक्स. शिवाय क्लिअरन्स फी, म्हणजे कागदपत्रं करण्याची मजुरी. आणि कुरिअर आपली ड्युटी आधी स्वतः भरतं, त्या उपकाराची वेगळी फी.

“भाऊ, फ्री होतं ना?”

“विमानाचं भाडं फ्री, सलीमभाई. सरकार फ्री नाही.”

मग मी बिल नीट पाहिलं. ड्युटी लागते ती वस्तूची किंमत आणि वाहतूक खर्च यांच्या बेरजेवर. इन्व्हॉइसवर भाडं दाखवलंच नव्हतं, म्हणून कस्टमनं अंदाजानं भाडं धरलं. तेही सढळ हातानं. माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला.

“जाऊ द्या भाऊ, देऊन टाकतो. बाजा सोडवा फक्त,” सलीमभाई म्हणाले.

“काहून देता जास्तीचे? मी भांडतो ना!”

भांडलो. खऱ्या भाड्याचा कागद विक्रेत्याकडे मागितला, तर तो सुट्टीवर. मग कुरिअरला मेल, त्यावर उत्तर, उत्तरावर पुन्हा मेल. सलीमभाईंचा फोन आला की मी म्हणायचो, “होऊन राहिलं.” तिकडे गोदामाचं भाडं, आमच्या भाषेत डेमरेज, चढत होतं. शेवटी आकडा दुरुस्त झाला. मी ऑफिसात पेढे वाटले. वाचलेली ड्युटी डेमरेजनं केव्हाच खाल्ली होती. वरचं मी खिशातून भरलं, फीही घेतली नाही. पण पार्सल मुंबईहून निघालं तेव्हा लग्नाच्या तारखा संपत आल्या होत्या.

पार्सल अजून वाटेतच असताना, उरलेल्यातल्या एका तारखेला बायकोच्या भाचीचं अकोल्यात लग्न होतं. वरातीत क्लॅरिनेट भलताच कोणी वाजवत होता. सलीमभाई मागच्या रांगेत, हातात खुळखुळा. त्याची मजुरी क्लॅरिनेटच्या निम्मीही नसते. मला पाहून त्यांनी सलामाला हात उचलला, तोही वाजला.

“सीझन तर गेला, भाऊ. पण जिंकलो ना आपण?”

टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. मी मान डोलावली.

बिल बरोबर निघण्यापेक्षा माल वेळेवर सुटणं मोठं, हे एरवी मीच नव्या गिऱ्हाइकांना पहिल्याच दिवशी सांगतो.

परतताना बायको म्हणाली, “त्यानं तुमाले बाजा सोडवाले सांगतलं होतं, का कस्टमशी भांडाले?”