तीस फेऱ्या, सर्व निकाल पूर्ण

आमच्या भागात येणारं वर्तमानपत्र अर्धवट असतं, हे मला सौंसरला राहत असताना कळलं नाही. राज्याच्या हद्दीपलीकडे, नागपूरला नोकरीत कळलं.

ज्या दैनिकात मी सव्वीस वर्षं उपसंपादक होते, तिथे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाला डाक आवृत्ती म्हणत. गाडीला पोचायला वेळ लागतो, म्हणून ती शहराच्या अंकाआधी छापून निघे. रात्रीचे सामने तोवर संपलेले नसत. मग क्रीडा पानाच्या तळाशी एक ठरलेलं वाक्य जाई : शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा खेळ सुरू होता. निकाल लागला की तो शहर आवृत्तीत छापला जाई. दुसऱ्या दिवशी तो शिळा झालेला असल्यामुळे पुन्हा कुठेच येत नसे. म्हणजे सौंसर, पांढुर्णा, रामाकोना इथल्या वाचकाला त्या सामन्याचा शेवट छापील अक्षरांत कधीच मिळत नसे. हे पान मी कित्येकदा स्वतः छपाईला सोडलं आहे. त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. वेळापत्रक तसं होतं.

नोकरी संपवून सौंसरला परत आले, तेव्हा इथल्या वाचनालयाचा वार्ताफलक लिहायला कोणी नव्हतं. आधी लिहिणारे गुरुजी मुलाकडे भोपाळला गेले होते. फलक बाहेरच्या भिंतीत बसवलेला, रुंद, आणि त्याला कपाटासारखी दोन लाकडी दारं. सकाळी सातला दारं उघडायची, रात्री आठला वाचनालय बंद होताना कुलूप लावायचं. वर ठळक बातम्या, मध्ये संत्र्याचा आणि कापसाचा भाव, खाली निधनवार्ता. उजव्या कोपऱ्यात सुविचार लिहायची पद्धत होती. मी अध्यक्षांना सांगितलं, सुविचार लिहिणार नाही, तिथे बातमी लिहीन. अध्यक्ष म्हणजे कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले, सत्तरीतले गृहस्थ. सगळा गाव त्यांना काकाजी म्हणतो. ते म्हणाले, "लिहा जी. बातमी चांगलीच असते."

मार्च संपताना मी त्या कोपऱ्यात खडूने लिहिलं : नॉर्वे, फुटबॉल, पहिल्या दर्जाची लीग. तीस फेऱ्या. सर्व निकाल पूर्ण.

नॉर्वेच का, हे मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर साधं आहे. क्रीडा पानावर परदेशी निकालांची एक पट्टी असे, आणि तिच्या शेवटच्या ओळीत नॉर्वे असे. जागा कमी पडली की पहिली कापायची ओळ तीच. सव्वीस वर्षांत ती मी किती वेळा कापली याची मोजदाद नाही. बाकीच्या युरोपातल्या लीग उन्हाळ्यात संपत असतात, तेव्हा बर्फामुळे ही सुरू होते आणि हिवाळ्याच्या तोंडाशी संपते. इथे संत्र्याला आंबिया बहाराची फळं धरतात तेव्हा पहिली फेरी, तोडणी चालू असते तेव्हा शेवटची. सोळा संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ. तळाचे दोन संघ थेट खालच्या लीगमध्ये जातात. खालून तिसऱ्याला जीव वाचवायला आणखी एक लढत मिळते. हे सगळं मी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं. कोणी वाचलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात काकाजींनी वाचलं.

"ताई, हे नार्वे कुठं आलं?"

"युरोपच्या वरच्या टोकाला."

"अन् तिकडच्या पोट्ट्यांनी बॉल मारला तं सौंसरच्या माणसाले काय फरक पडते जी?"

"भोपाळच्या मंत्र्याने फीत कापली तर काय पडतो?"

"तो आपला मंत्री हाय."

"काकाजी, त्याचं तुम्ही वाचता का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते आत गेले. विषय संपला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

लोकांनी थट्टा केली. चहाच्या टपरीवर मला 'नार्वेवाली ताई' हे नाव पडलं. एका शिक्षकांनी विचारलं, तिथे जावई शोधला का. मी लिहीत राहिले. वर्षातून एक दिवस, गोटमारीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीच्या जत्रेला, सगळ्या वर्तमानपत्रांना पांढुर्णा आठवतो. त्या दिवशी किती डोकी फुटली हे देशभर छापून येतं, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा नकाशावर नसतो. जगाने आमच्याबद्दल काय वाचायचं ते कोणीतरी ठरवलेलं आहे. आम्ही जगाबद्दल काय वाचायचं, ते मात्र मी ठरवणार होते. निदान एका कोपऱ्यात, निदान तीस फेऱ्या.

मे महिन्यात पहिला नियमित वाचक मिळाला. रामाकोन्याचे संत्रा बागायतदार, साठीच्या पुढचे, दर सोमवारी सकाळच्या बसने सौंसरला येणारे. फळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहत आणि सगळा कोपरा ओठ हलवत वाचत. त्यांनी आपला संघ निवडला, तो तळाचा. उत्तरेकडच्या एका मासेमारीच्या बंदराचा संघ होता तो. गाव पांढुर्ण्याहून लहान. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि मैदानावरचं गवत प्लास्टिकचं आहे. नाव उच्चारायला अवघड, म्हणून बागायतदारांनी त्यांना 'बर्फवाले' म्हणायला सुरुवात केली. मग टपरीही तेच म्हणू लागली.

एका सोमवारी ते म्हणाले, "बाई, तुमच्या पेपरनं मले एक निकाल देणं हाय."

"कोणता?"

त्यांनी सांगितला. फुटबॉल वर्ल्ड कपचा जुना उपांत्य सामना, बरोबरीत सुटून जादा वेळेत गेलेला. "मी सकाळी पेपर उघडला, तं म्हणे खेळ सुरू होता. दुसऱ्या दिवशी उघडला, तं त्याचं नावच नाही."

"रेडिओवर ऐकला असेल ना, भाऊ?"

"ऐकला न. कोण जितलं ते मले माहीत हाय. ऐकलं हाय, वाचलं नाही."

त्या रात्री पान मी सोडलं होतं का, मला आठवत नाही. सोडलं असेल. मी त्यांना म्हटलं, या फळ्यावर तसं होणार नाही. इथे निकाल लागल्याशिवाय काही लिहिलं जाणार नाही.

ऑगस्टच्या एका शनिवारी मी हा शब्द मोडला.

बर्फवाल्यांचा सामना आपल्या घड्याळाने संध्याकाळी सहाला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मला पांढुर्ण्याहून गाडी पकडायची होती, म्हणून फळा त्याच संध्याकाळी लिहून ठेवायचा होता. पावणेआठला बर्फवाले दोन-एक पुढे होते. काही मिनिटं उरली होती. आतून काकाजी किल्ल्या वाजवत बाहेर आले. "ताई, आठ वाजून राहिले." मी फोनकडे पाहिलं, खडू उचलला आणि लिहिलं : बर्फवाले विजयी, दोन-एक. कुलूप लागलं. सव्वीस वर्षं हात जे करत होता तेच त्याने केलं. पान सोडलं.

भरपाईच्या वेळेत गोल झाला. सामना दोन-दोन बरोबरीत सुटला. मी तो निकाल पाहिलाच नाही, थेट सोमवारी दुपारी परतले. बागायतदार फळ्यासमोर थांबलेले होते.

"बाई, माझ्या फोनवर तं दोन-दोन दाखवून राहिला."

मी फोन उघडून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं.

"तुमी पण?" ते म्हणाले. एवढंच.

वर्तमानपत्रात चूक झाली तर शुद्धिपत्र आतल्या पानावर, तळाला, बारीक टाइपात जातं. ते कोणी वाचू नये अशीच त्याची जागा असते. मी फळ्याचा वरचा अर्धा भाग पुसला आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलं : शनिवारी या फळ्यावर दिलेला निकाल चुकीचा होता. सामना दोन-दोन बरोबरीत सुटला. खेळ सुरू असताना निकाल लिहिला गेला. चूक लिहिणारीची. हे आठवडाभर तसंच ठेवलं. त्या आठवड्यात फळ्यासमोर जितकी माणसं थांबली, तितकी एरवी निधनवार्तेसमोरच थांबतात.

काकाजींना हे आवडलं नाही. वाचनालयाच्या नावावर डाग लागला असं त्यांचं म्हणणं. कार्यकारिणीची बैठक झाली आणि ठराव लिहिला गेला : फळ्यावर फुटबॉल लिहू नये, कोपऱ्यात पूर्ववत सुविचार लिहावा. मला त्याची प्रत मिळाली. अठरा फेऱ्या झाल्या होत्या, बारा उरल्या होत्या.

मी ठराव दोनदा वाचला. संपादन करताना ही सवय लागते, मजकुरात काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी दिसतं.

आमच्या लहानपणी शाळेत शनिवारी फळा काळा करायचो. जुन्या सेलमधली कांडी कुटायची, कोळसा मिसळायचा, वालाच्या पाल्याचा रस घालायचा आणि फडक्याने घासायचं. मी तेच केलं. रविवारी दुपारी फलकाच्या उजव्या दाराची आतली बाजू काळी केली, वाळू दिली, पुन्हा काळी केली. सोमवारी सकाळी दारं उघडली तेव्हा फळ्यावर नियमाप्रमाणे सुविचार होता आणि त्याच्या शेजारी उघड्या दारावर एकोणिसावी फेरी होती.

"हे काय केलं जी, ताई?"

"दार काळं केलं."

"ठराव झाला न!"

"ठराव फळ्याचा आहे, काकाजी. दाराचा झालेला नाही."

"फळा अन् दार काय अलग असते?"

"कुलूप दाराला लावता की फळ्याला?"

टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "काकाजी, आता भिंतीचा बी ठराव करून टाका!" काकाजींनी तिकडे पाहिलं नाही. म्हणाले, "पुढच्या बैठकीत आणतो मी दाराचा."

पुढची बैठक दिवाळीनंतर होती. तेव्हा संत्र्याची तोडणी सुरू झाली होती. कार्यकारिणीतले निम्मे सभासद बागायतदार, ते बागेत किंवा गाड्यांच्या मागे. गणपूर्ती झाली नाही. बैठक पुढे ढकलली, पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा काकाजी, मी आणि रिकाम्या खुर्च्या. दुसऱ्या वेळी ते उठताना म्हणाले, "तुमचे बर्फवाले कितव्या नंबरवर हाय आता?"

"खालून तिसरे."

"म्हंजे अजून एक लढत भेटते त्याइले."

नियम मी मार्च-एप्रिलमध्ये एकदाच लिहिला होता.

शेवटच्या फेरीत सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, कोणाला दुसऱ्याचा निकाल पाहून खेळता येऊ नये म्हणून. बर्फवाल्यांना बरोबरी पुरली असती. शनिवारीच मी दारावर तिसाव्या फेरीची ओळ आखली, संघांची नावं लिहिली आणि निकालाची जागा कोरी ठेवली. रविवारी आठला कुलूप लावताना काकाजी त्या कोऱ्या जागेसमोर थोडे थांबले.

सोमवारी मी सातला पोचले तेव्हा ते आधीच येऊन दारं उघडून उभे होते. रामाकोन्याची बस आली नव्हती.

"काय झालं जी?"

"लिहिते. वाचा."

त्यांनी चष्मा लावला. मी लिहिलं : बर्फवाले पराभूत, शून्य-एक. तळाच्या दोघांत. खालच्या लीगमध्ये.

"हारले?"

"हो."

"खाली गेले?"

"गेले."

"वर्षभर भांडल्या तुमी माझ्याशी, अन् आखरीले हे लिहून राहिल्या?"

"शेवटचा निकाल हाच आहे."

दहाच्या सुमारास बागायतदार आले. हात मागे बांधून त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दार वाचलं. खडूच्या एकाही निकालापुढे 'खेळ सुरू होता' असं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्यांचं कोणतं देणं शिल्लक आहे, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

तिसाव्या फेरीखाली वीतभर जागा उरली होती. तिथे मी त्या जुन्या उपांत्य सामन्याच्या दोन्ही देशांची नावं लिहिली, जादा वेळेत काय झालं ते लिहिलं, अंतिम गोलसंख्या लिहिली आणि शेवटी पूर्णविराम दिला. त्यांनी ओठ हलवत ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"वाचलं," ते म्हणाले, आणि बाजाराकडे निघाले.

काकाजी पायरीवरून पाहत होते. "हे तं नार्वेचं नाही. कोणत्या सालचं हाय हे?"

"उशिरा आलेली बातमी आहे."

"मी दाराचा ठराव आणतोच, ताई. तोडणी झाली का सगळे येतात."

"आणा. गणपूर्ती होऊन मंजूर झाला, तर तो ठरावही लिहीन. दारावरच. पूर्ण."