हलकाबंदी

परवा बातम्यांत मतदारसंघांचं ‘परिसीमन’ ऐकलं आणि मला तो गाडीवान आठवला. निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले होते, पाथरीहून सेलूच्या स्टेशनाला, त्याच्या छपराच्या बैलगाडीतून. वंगणाचा तो वास अजून नाकात आहे. चढ लागला की तो आम्हाला पुढं सरकवायचा, नाही तर मागच्या भारानं गाडी उलार होऊन जू वर उचललं जायचं नि बैलांचे गळे आवळायचे. बोलताना त्याचा हात बैलाच्या पाठीवर असायचा, जणू त्यालाच विचारून सांगतोय.

मागं छपराच्या गार सावलीत कचेरीतले एक जाडजूड कारकून बसले होते. ते सांगत होते, "आता मजलिशीत, म्हणजे कायदेमंडळात, माणसं निवडून जाणार. कोणत्या गावांनी मिळून एक माणूस पाठवायचा, त्या हद्दी नव्यानं आखायच्या. याला म्हणतात हलकाबंदी."

तेवढ्यात चढ आला.

"सायेब, जरा म्होरं या."

"पुढं ऊन आहे," कारकून म्हणाले.

गाडीवान हसला. "मंग तुमची हलकाबंदी बैलासाठी करायलेत, का सावलीसाठी?"

कारकुनांनी पानाचा डबा उघडला. गाडीवान खाली उतरला आणि जुवावर अंगाचा भार देत बैलांच्या बरोबरीनं चढ चालू लागला. वर पोचेपर्यंत त्याचा सदरा घामानं भिजला होता.

राज्य गेलं, शब्दही बदलला. जागा नव्यानं वाटायची बातमी आली की मी मात्र अजून आधी पाहते, सावलीत कोण बसलंय.