रिठ्याची तोटी

साठ सालानंतर आमच्या अकोल्याच्या घरात उभा ओटा झाला, ओट्यात सिंक बसलं आणि सिंकच्या कडेला ती तोटी आली. यांच्या मित्रानं परदेशातून आणलेली. वर पितळी दांडा, ओट्याखाली काचेची बाटली. दांडा दाबला की साबणाचं पाणी चुळकाभर हातावर यायचं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "साबनात चरबी असते. ते देवाच्या भांड्याले लागलं तं मी या घरात जेवनार नाही."

म्हणून मी बाटलीत रिठ्याचं पाणी भरायची. तरी सगळे तिला साबणाची तोटीच म्हणत. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. रिठा लवकर आंबतो, म्हणून दांडा नळीसकट उपसायचा, बाटली विसळायची, स्प्रिंगला खोबरेलाचं बोट लावायचं. खरं सांगते, मला ते काम आवडायचं. स्वयंपाकघरात बाईच्या हाताला यंत्र म्हणून दुसरं होतं काय!

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी तोटी अडली. दांडा खाली गेला तो वर येईना. चोचीला थोडा फेस आणि आंबूस वास. आदल्या संध्याकाळी अमरावतीहून धाकटे दीर आले होते आणि सासूबाईंदेखत मला चिडवत होते, "वहिनी, एकदा खरा साबण घालून तर बघा, रात्रीतून घालू का?" आता ते केळीची पानं आणायला बाहेर पडलेले, विचारणार कुणाला? मागे वळले तर ओल्या सोवळ्यात सासूबाई उभ्या.

"कावून अडली? साबन घातला ना त्यानं?"

"मला माहीत नाही, आई."

"उघड. माह्या डोयासमोर उघड. साबन निघाला तं पुढल्या वर्षीपासून महालक्ष्म्या अमरावतीले, धाकट्याकडे. अन् मी बी तिकडंच."

सुनेच्या पायी घरच्या महालक्ष्म्या उठल्या, हे मला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. वर रागही येत होता: साबण दिरांनी घातला असला तरी महालक्ष्म्या जायच्या त्यांच्याच घरी! चुलीवर पुरण, बाजूला आंबील, सोळा भाज्यांतल्या निम्म्या अजून चिरायच्या, आणि मी ओट्यापुढे दांडा ओढत उभी. तो निघेना. सासूबाईंनी शिवायचं नाही म्हणून हात पाठीमागे बांधलेले, पण मान पार माझ्या खांद्यापर्यंत आलेली.

हिसका दिल्यावर दांडा निघाला. नळीच्या तोंडाशी काहीतरी काळं चिकटलं होतं. मी नखानं ओढलं. पान होतं. तुळशीचं. बाटली परातीत उपडी केली, तर रिठ्याच्या पाण्याबरोबर आणखी पानं आली. बरीचशी कुजून काळी झालेली, एक मात्र हिरवंगार, कालपरवाचं.

दर वेळी मी बाटली भरून ठेवली की मागून कुणीतरी वरून एक तुळशीपत्र सोडत होतं. विसळताना काही वाहून जात असतील, काही बुडाशी राहत असतील. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या परातीकडे बघत होत्या.

"शुद्ध व्हावं म्हनून टाकत होती," त्या हळूच म्हणाल्या. "जायाचं कोनाले होतं?"

तेवढ्यात बैठकीतून यांचा आवाज, "काय अडकलं होतं गं?"

"रिठ्याचं साल," मी ओरडून सांगितलं.

मग नळी धुतली आणि तिच्या तोंडाला मलमलीची चिंधी दोऱ्यानं बांधली, म्हणजे पाणी येईल आणि पान अडकणार नाही. ताजं रिठ्याचं पाणी भरलं. दांडा बसवायच्या आधी बाटलीचं तोंड मोकळं ठेवून मी बाजूला झाले.

"घाला," मी म्हटलं.

सासूबाई तुळशीपाशी गेल्या.